बुल्स : तिसऱ्यांदा मायामी! आता संघ मोडायचा की असाच रेटायचा?

बाकावरचा
झालं एकदाचं. एनबीएच्या प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उंबरठ्यावरच्या बाद लढतीत, आपले शिकागो बुल्स मायामीकडून हरले. १०९-९०, तेही आपल्याच घरात. २०२३ला मायामी, २०२४ला मायामी, २०२५ला परत मायामी. आधीच्या दोन खेपांना निदान त्यांच्या गावात जाऊन हरलो होतो, काल ते युनायटेड सेंटरमध्ये येऊन आपले विधी उरकून गेले. आपण नववे, ते दहावे. नियमित सीझनमध्ये त्यांना तिन्ही वेळा हरवलेलं. शेवटच्या वीसपैकी पंधरा सामने जिंकून आपण तोऱ्यात आलेलो. आणि टायलर हिरो ३८ मारून गेला. ज्याच्या नावातच हिरो आहे त्याला मोकळं सोडू नये, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं.

मी वर ३००च्या रांगांत होतो. मध्यंतरात शेजारची बाई मुलाच्या जर्सीवर जॅकेट चढवत होती. पोरगं विचारतंय, अजून दोन क्वार्टर आहेत ना? ती म्हणाली, आहेत, पण आपल्यासाठी नाहीत.

गेल्या तीन वर्षांचा जय-पराजयाचा ताळेबंद बघा : ४०-४२, ३९-४३, ३९-४३. प्लेऑफमध्ये जाण्याइतके चांगले नाही, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा नंबर मिळण्याइतके वाईटही नाही. नुसतं लोंबकळणं चाललंय. माझं स्पष्ट मत : कोच डोनोवनला नारळ द्या आणि संघ मोडा. सेंटर व्हुचेविचला मिळेल त्या भावात काढा. कोबी व्हाइटचाही भाव आत्ता चढलेला आहे. एक बझेलिस तेवढा ठेवा. बाकी बोला.

तिरकस_पास
दुसऱ्या मुद्द्याला +१, पहिल्याला सपशेल विरोध.

जे पीठ हातात दिलं त्याच्याच भाकऱ्या थापणार ना कोच? डिरोझन गेल्या जुलैत गेला. लावीन फेब्रुवारीत गेला. त्याच्या बदल्यात ह्यूर्टर, ट्रे जोन्स, झॅक कॉलिन्स आले आणि आपलाच पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) सॅन अँटोनियोकडून परत मिळाला. अर्ध्या सीझनला संघ बदलून त्याच माणसाने १५-५ करून दाखवलं. मागच्या वर्षी खेळाच्या वेगात आपण लीगच्या तळाशी होतो, यंदा वरच्या दोन-तिनांत. हे आपोआप होत नाही.

बरं, या महिन्यातच डोनोवनचं नाव हॉल ऑफ फेमसाठी जाहीर झालंय. ते फ्लोरिडाच्या २००६ आणि २००७च्या दोन कॉलेज विजेतेपदांमुळे हे मान्य, पण माणूस अगदीच ढ नाही.

राग काढायचाच असेल तर वर काढा. खेळाडूंची देवघेव ठरवणाऱ्या कार्निशोवासच्या खोलीवर.

शिट्टी
डोनोवनला नारळ द्यायचा म्हणजे नारळाने तरी काय पाप केलंय?

सोनचाफा
मी तिरकस_पास यांच्याशी अर्धीच सहमत. (ओळख : मी इथल्या एका शाळेत मुलींच्या संघाला शिकवते. त्यामुळे कोचची बाजू घेण्याची खोड आहेच, तरीही.)

कालचा पहिला अर्धा भाग पुन्हा पाहिला. मायामीचा अडेबायो वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे अंगाने वाट अडवतो. आपला गार्ड त्याच्या अंगावर आदळतो आणि अर्धं पाऊल मागे पडतो. व्हुचेविच खाली, जवळजवळ फ्री थ्रोच्या रेषेच्याही मागे उभा. त्याला ड्रॉप म्हणतात. सेंटर जड असेल तर तो मागे थांबून रिंग राखतो आणि मधल्या अंतराचा शॉट समोरच्याला देऊन टाकतो. बहुतेक संघांविरुद्ध हा सौदा परवडतो, कारण चालत्या ड्रिबलवरून शॉट घेणारे थोडेच असतात. पण हिरोचं पोट त्याच शॉटवर भरतं! त्याला ती जागा द्यायची म्हणजे मांजराला दुधाची राखण.

आता कोच काय करू शकतो? व्हुचेविचला वर आणू शकतो, पण मग मागे मोकळं रान. गार्डशी बदली करून व्हुचेविच स्वतः हिरोला घेऊ शकतो, पण चौतिशीचे पाय. कॉलिन्सला आणू शकतो. किंवा हिरोच्या हातातून चेंडू काढायला दोन माणसं धाडायची आणि उरलेल्यांना 'तुम्ही मारून दाखवा' म्हणायचं. चौथा उपाय मी पहिल्याच क्वार्टरमध्ये केला असता. चुकलाही असता, पण समोरच्याला विचार करायला लावला असता. आपण फार उशिरा हललो. वीस सामन्यांत जे चाललं तेच एकविसाव्यात चालेल असं धरून बसणं, माझा आक्षेप फक्त त्यावर आहे.

बाकावरचा
ताई, हेच तर म्हणतोय मी. ३८ झाल्यावर जागं होऊन काय उपयोग?

तिरकस_पास
सोनचाफा, विश्लेषण पटलं. पण चारपैकी तीन उपायांच्या पुढे तुम्हीच 'पण' लावलाय. तो 'पण' कोणी आणून ठेवला? मार्च २०२१मध्ये व्हुचेविचसाठी काय दिलं ते आठवा : वेंडेल कार्टर, ऑटो पोर्टर आणि पहिल्या फेरीचे दोन पिक. त्यातल्या पहिल्यातून ऑर्लँडोने आठव्या नंबरवर फ्रांझ वॅग्नर घेतला. वॅग्नर! आज कोणी व्हुचेविचसाठी वॅग्नर मागितला तर ऑर्लँडोवाले फोन ठेवायच्या आधी हसून घेतील.

आणि आपला बचावाचा गडी कारुसो. जून २०२४, ओक्लाहोमाला. बदल्यात गिडी. एकास एक, वर एकही पिक नाही. ज्यांच्याकडे पिकांचं गोदाम भरलंय त्यांच्याकडून एकसुद्धा मागता आला नाही?

मॅडिसन_मामा
पोरांनो, जरा शांत. मी चोवीस वर्षांचा असताना इथे आलो, १९९६ साली. आल्या आल्या ७२ विजय बघितले, त्यामुळे माझ्या अपेक्षा कायमच्या बिघडल्या हे आधी कबूल करतो.

'मोडा, मोडा' म्हणणाऱ्यांनी १९९८ नंतरचं बघितलेलं नाही. तेव्हाही मोडला होता. जॉर्डन गेला, पिपेन गेला, रॉडमन गेला, कोच फिल जॅक्सन गेले. जीएम (संघाची बांधणी बघणारे) जेरी क्राउज म्हणाले नव्याने उभारू, आणि कॉलेजातून टिम फ्लॉइडना आणलं. मग? लॉकआउटच्या वर्षी १३-३७. पुढच्या वर्षी १७-६५. त्याच्या पुढे १५-६७. १९९९च्या ड्राफ्टला पहिल्या नंबरवर एल्टन ब्रँड मिळाला. चांगला होता हो, वर्षातला सर्वोत्तम नवोदित म्हणून स्टीव्ह फ्रान्सिसबरोबर निवडला गेला. दोन वर्षांनी त्यालाही देऊन टाकला, टायसन चँडलरसाठी. म्हणजे बांधकाम सुरू असतानाच पुन्हा बांधकाम. २००२ला दुसऱ्या नंबरवर जे विल्यम्स घेतला, पुढच्याच उन्हाळ्यात मोटारसायकलच्या अपघाताने त्याची कारकीर्द संपली. यात कोणाचा काय दोष? पण झालं. प्लेऑफचं तोंड दिसायला २००५ उजाडलं.

सलग सहा वर्षं मी जानेवारीच्या थंडीत जाऊन हरणं बघून येत होतो. तिकिटं लोक फुकट देत होते. तुम्हाला ३९-४३चा कंटाळा आलाय, १५-६७चा चव घेऊन बघा.

शिट्टी
मामा, 'ची चव'. बाकी दंडवत.

मॅडिसन_मामा
बोटं थरथरतात रे आता. चव काय नि चवीचा काय, कडू ती कडूच.

रेषेबाहेर
मामांचा अनुभव मोठा आहे, पण तो नियम होऊ शकत नाही. आपण २०१७लाही मोडला होता. जिमी बटलर मिनेसोटाला दिला. लावीन, क्रिस डन आणि सातवा पिक घेतला, वर आपला सोळावा पिकही दिला. मग २७-५५, २२-६०, २२-४३. ड्राफ्टमध्ये आपले नंबर काय आले? सात, सात, सात आणि चार. मार्कानेन, कार्टर, व्हाइट, पॅट्रिक विल्यम्स. चौथ्या नंबरला विल्यम्स घेतला त्याच ड्राफ्टमध्ये हॅलिबर्टन बाराव्या नंबरपर्यंत खाली आला होता. मार्कानेन दुसरीकडे जाऊन ऑल-स्टार झाला. म्हणजे मोडायला कोणीही मोडतं. मोडल्यावर हाती आलेल्यातून निवडायचं कसं आणि त्याला वाढवायचं कसं, तिथे आपली बोंब आहे.

आणि हो, त्याच विल्यम्सला मागच्या उन्हाळ्यात पाच वर्षांचे नऊ कोटी डॉलर दिले. तो चेक फाडला त्या दिवशी मी जेवलो नाही.

नवा_भिडू
नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होतो. एक भाबडा प्रश्न : टँकिंग म्हणजे खेळाडू मुद्दाम हरतात का? मला ते पटत नाही. कोणी स्वतःचं नाव का खराब करून घेईल?

रेषेबाहेर
स्वागत! खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, कोचही नाही. हरण्याची सोय वरच्या मजल्यावरून होते. चांगला खेळाडू विकायचा, किरकोळ दुखापतीवर दोन आठवडे बसवायचा, नवख्यांना पस्तीस मिनिटं द्यायची. मैदानावरचा प्रत्येक जण जीव तोडून खेळतो, फक्त तो पुरेसा चांगला नसतो.

त्याचा फायदा पूर्वी जास्त होता. २०१९पासून सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या पिकची सारखीच संधी, १४-१४ टक्के. मशीनमध्ये १४ चेंडू, चार बाहेर काढायचे, त्यांचे १००१ संच होतात. एक संच बाद, उरलेले हजार संच संघांत वाटलेले. अशा सोडतीने पहिले चार नंबर ठरतात, बाकीचे हरण्याच्या क्रमाने. म्हणजे तळाला गेलेला संघसुद्धा पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकतो. ८२ रात्री मार खायचा आणि शेवटी चौदा पिंगपाँगच्या चेंडूंसमोर हात जोडायचे.

तिरकस_पास
म्हणून काय प्रयत्नच करायचा नाही? ओक्लाहोमा बघा. २०१९ला पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडरसकट पिकांचा ढीग घेतला. २०२१-२२ला २४-५८. यंदा ६८-१४!

रेषेबाहेर
ओक्लाहोमाचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. शे तळाला जाऊन मिळाला नाही, ट्रेडमधून मिळाला. जेलेन विल्यम्स बारावा पिक, तोही क्लिपर्सच्या कृपेचा. तळाला जाऊन मिळालेला खरा मोठा मासा म्हणजे चेट होल्मग्रेन, दुसऱ्या नंबरचा. फिलाडेल्फियाने तर सगळ्यांसमोर, जाहीरपणे हा प्रयोग केला. २०१५-१६ला १०-७२. एम्बीड मिळाला, सिमन्स मिळाला आणि अजूनही २००१नंतर कॉन्फरन्स फायनल (पूर्व गटाची अंतिम लढत) नाही.

उलट इंडियाना. या सगळ्या काळात २५-५७च्या खाली गेलेच नाहीत. सबोनिससारखा ऑल-स्टार देऊन हॅलिबर्टन घेतला तेव्हा लोक हसले होते. मागच्या वर्षी कॉन्फरन्स फायनल खेळले, यंदा पन्नास विजय.

सोनचाफा
डेट्रॉइट विसरलात. मागच्या वर्षी १४-६८, त्यात सलग २८ पराभव. यंदा ४४-३८. केड कनिंगहॅम तोच, ड्युरन तोच. बदललं काय? कोच, आणि केडभोवती उभे केलेले तीन-चार अनुभवी नेमबाज. माँटी विल्यम्स यांच्यासारख्या नावाजलेल्या माणसाला सहा वर्षांच्या करारातल्या पहिल्याच वर्षानंतर घरी पाठवून बिकरस्टाफना आणलं. म्हणजे 'कोचने काही फरक पडत नाही' हे खोटं आणि 'सगळं कोचमुळेच' हेही खोटं. केडला चेंडू घेऊन आत शिरायला वाट कोणी करून दिली? बीझली आणि हार्डवे कोपऱ्यांत उभे राहिले, त्यांच्याकडे बघत बचाव करणारे पसरले, वाट झाली. आपल्याकडे गिडीसाठी हेच करायला हवं. त्याच्यावर कोणी धावून येत नाही अशा रात्री बाकीचे चार जण मारणारे हवेत.

अर्धविराम
गिडीचा विषय निघालाच आहे तर २७ मार्चची रात्र कोणी पाहिली? लेकर्सविरुद्ध. मी तिकडे भांडी घासत होते आणि टीव्हीचा आवाज नुसता ऐकू येत होता. पॅट्रिक विल्यम्सची थ्री गेली, ठीक. लेब्रॉनने बाहेरून चेंडू आत टाकला तो गिडीने मधेच पळवला आणि कोबीची थ्री. हातातला फेस तसाच घेऊन बाहेर आले. तोवर रीव्ह्जने लेअप टाकून लेकर्स एकने पुढे. टाइमआउट नाही. गिडीने मधल्या रेषेच्या मागून, एका पायावर, धावत धावत सोडला. ११९-११७. फरशीवर अजून पांढरा डाग आहे साबणाचा.

असा संघ मोडा म्हणताय?

बाकावरचा
अर्धविराम, एका शॉटवर घर चालत नाही हो. आठवणी २७ मार्चच्या आणि निकाल १६ एप्रिलचा.

मॅडिसन_मामा
कोचबद्दल एक सांगू? कोचला आपण नेहमी निकालावरून तोलतो. १३ मे १९९४. निक्सविरुद्ध तिसरा सामना, बरोबरी, १.८ सेकंद शिल्लक. जॉर्डन बेसबॉल खेळायला गेलेला, पिपेन संघाचा राजा. आणि जॅक्सननी शेवटचा शॉट कुकोचसाठी आखला. पिपेन रुसून बाकावर बसला, आत गेलाच नाही. कुकोचने मारला, १०४-१०२. शॉट गेला म्हणून जॅक्सन द्रष्टे. चुकला असता तर? आजही लोक म्हणाले असते, स्वतःच्या सर्वोत्तम खेळाडूला चेंडू न देणारा गाढव.

आणि २८ एप्रिल २०१२ही आठवा. फिलाडेल्फियाविरुद्ध पहिला सामना, आपण १२ने पुढे, एक मिनिट बावीस सेकंद बाकी. कोच थिबोडोनी रोझला काढलं नाही. तो उडी मारून उतरला आणि गुडघा गेला. तेवीस गुण, नऊ रिबाउंड, नऊ असिस्ट झालेले त्याचे. एक वर्ष आधी बाविसाव्या वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झालेलं आपल्याच गावचं पोर. मी त्या दिवशी आत होतो. आवाज बंद होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

तिरकस_पास
मामा, त्यात थिबोडोंचा दोष होता की नाही? हा वाद माझ्या मेव्हण्याशी तेरा वर्षं चालू आहे.

मॅडिसन_मामा
मला तेव्हा वाटलं, दोष होता. आता वाटतं, प्लेऑफमध्ये दीड मिनिट उरलं असताना बारा गुणांवर अर्धे कोच काढत नाहीत. पण तो वर्षभर दुखापतींनी बेजार होता, ६६पैकी ३९च सामने खेळलेला. त्या पोराच्या बाबतीत हात आखडता घ्यायला हवा होता. बघ, अजून ठरत नाहीये माझं.

सोनचाफा
मामांचं न ठरणं आम्हा सगळ्यांच्या ठरण्यापेक्षा बरं.

रेषेबाहेर
मालकांबद्दल कोणीच बोलत नाहीये. प्रेक्षकसंख्येत बुल्स दरवर्षी वरच्या टोकाला असतात. स्टेडियम भरलेलं, टोप्या-जर्सी खपतायत. लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की बसणारा दंड) मात्र आजवर एकदाच भरला, २०१२-१३ला. मोडून १५-६७ झाला तर खुर्च्या रिकाम्या होतील, आणि जिंकायला खर्च केला तर टॅक्स बसेल. ३९-४३ हा योगायोग नाही मंडळी, तो धंद्याचा हिशेब आहे. कोच बदला, नाहीतर जीएम बदला, हा आकडा परत परत येणार.

शिट्टी
म्हणजे बाकावरचा साहेबांनीच ३००च्या रांगेतलं तिकीट काढून हा संघ बिघडवला. धागाकर्त्याचा निषेध.

बाकावरचा
मान्य. (पण मध्यंतरानंतर मी एक पैसाही खर्च केला नाही.)

रेषेबाहेर
ताजी खबर. आपण आणि डॅलस दोघेही ३९-४३, म्हणून ड्राफ्टच्या लॉटरीतली (त्या चेंडूंच्या सोडतीतली) वरची जागा कोणाची ते ठरवायला आज वेगळी सोडत झाली. डॅलस जिंकलं. त्यांना अकरावी जागा आणि हजारातले १८ संच, आपल्याला बारावी आणि १७. फरक एका संचाचा. फार काही बिघडलेलं नाही.

शिट्टी
हे वाक्य जपून ठेवतोय.

रेषेबाहेर
१२ मे. लिहायला हात धजावत नाहीये. पहिला नंबर डॅलस. म्हणजे ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा मासा, कूपर फ्लॅग, डॅलसला. १.८ टक्क्यांवर.

शिट्टी
"फार काही बिघडलेलं नाही." — रेषेबाहेर

बाकावरचा
त्यांनी फेब्रुवारीत लुका डॉन्चिच देऊन टाकला, त्यांच्या स्वतःच्या लोकांनी स्टेडियमबाहेर मोर्चे काढले, आणि त्यांना फ्लॅग! आपण निमूट १५-५ केलं आणि बारावे. ती सोडत आपल्या बाजूने लागली असती तर अकराव्या जागेचे संच आपले असते ना हो?

रेषेबाहेर
जागेला संच बांधलेले असतात, तेव्हा हो, अकरावी जागा आपली असती तर ते आपल्या नावावर असते. किंवा शेवटच्या आठवड्यात एक सामना जास्त हरलो असतो तरी. याहून जास्त विचार करू नका, झोप लागणार नाही. मला लागलेली नाही.

पण तुमच्या 'मोडा'वाल्यांसाठी सगळ्यात मोठी थप्पड पुढे आहे. लीगमधले सगळ्यात वाईट तीन संघ : युटा १७-६५, वॉशिंग्टन १८-६४, शार्लट १९-६३. मिळालं काय? पाच, सहा आणि चार. तिघांपैकी एकालाही पहिल्या तिनांत जागा नाही. युटाने आख्खं वर्ष जाळून जितकं खाली घसरता येतं तितकं घसरून दाखवलं.

मॅडिसन_मामा
२००८ला आपण १.७ टक्क्यांवर जिंकलो होतो, रोझ आला तेव्हा. त्या वेळी दुसऱ्या कुठल्यातरी गावात कोणीतरी असाच जागा राहिला असेल. तेव्हा आपण पेढे वाटत होतो.

नवा_भिडू
मग सगळं नशिबावरच असेल तर कोच, जीएम, ट्रेड यावर आपण दोनशे प्रतिसाद का लिहितो?

तिरकस_पास
सीझन संपल्यावर दुसरं काम काय असतं?

सोनचाफा
नशीब दार वाजवतं तेव्हा घरात कोण आहे याने फरक पडतो, एवढंच म्हणेन. रोझ आल्यावर तीन वर्षांत ६२-२० झालं ते नोआ, डेंग आधीपासून घरात होते म्हणून, आणि थिबोडोनी त्यांच्याकडून घाम गाळून बचाव करून घेतला म्हणून. लॉन्झो बॉल आठवतोय ना? २०२१च्या शेवटाला तो, कारुसो, डिरोझन, लावीन असा संघ पूर्वेत पहिल्या नंबरवर होता. जानेवारीत लॉन्झोचा गुडघा गेला, अडीच वर्षांहून जास्त काळ तो दिसला नाही, आणि आपण तो येईल येईल म्हणत त्याच संघाला चिकटून बसलो. चूक तिथे झाली. २०२३च्या उन्हाळ्यात मोडायला हवं होतं. आत्ता मोडायला आहेच काय? व्हुचेविच सोडला तर बाकीचे पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत.

बाकावरचा
हं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. डिरोझन गेला, लावीन गेला, कारुसो गेला. म्हणजे मोडून झालंय, फक्त कोणी जाहीर केलेलं नाही.

तिरकस_पास
आणि मोडताना भाव न मिळवता मोडलंय. कारुसोचं दुःख तर आज उफाळून आलंय. ओक्लाहोमाचा डेन्व्हरविरुद्धचा सातवा सामना बघितलात? सहा फूट पाच इंचांचा गडी योकिचच्या पोटाशी जाऊन उभा. योकिचला चेंडू घेताना नाकी नऊ. १२५-९३. आपल्याकडे होता तो. आपल्याकडे!

अर्धविराम
२२ जून. ओक्लाहोमा विजेते. कारुसोच्या हातात दुसरी अंगठी. आणि समोरच्या इंडियानाचा हॅलिबर्टन दुखापतीने त्या फरशीवर पडून तळव्याने जमीन बडवत होता ते बघवलं नाही. बाराव्या नंबरचं पोर सातव्या सामन्यापर्यंत संघ घेऊन आलं. आपलाही बारावाच आहे, म्हणून आशा.

शिट्टी
आशा अमर असते. गुडघे नसतात, घोटे नसतात.

रेषेबाहेर
तर, बारावा पिक : नोआ एसेंग. फ्रान्सचा, उल्मकडून खेळणारा, अठरा वर्षांचा, या ड्राफ्टमधल्या सगळ्यात लहानांपैकी. उंच, लांब हातांचा, पळणारा. बाहेरून मारता येत नाही. बझेलिसच्या शेजारी दुसरा बझेलिस.

बाकावरचा
लगेच कामाला येणारा कोणी घेतील असं वाटलं होतं. हा तर दोन-तीन वर्षांचा धीर मागतो. याचा अर्थ वरच्या मजल्यावर काहीतरी बदललंय की हा पोरगा नुसता आवडला?

सोनचाफा
आवडला असेल. पण बझेलिस आणि तो दोघे एकदम मैदानावर आले तर मला बघायचंय. दोघांना बदली करता येते, दोघे पळतात. तेव्हा व्हुचेविचला ड्रॉपमध्ये ठेवायची गरजच नाही, त्याला बसवून सगळेच बदलत राहायचं. डोनोवन हे करतील का, हा माझा पुढच्या वर्षीचा एकमेव प्रश्न. वीस मिनिटं दिली नाहीत तर त्यांच्या विरोधातला पहिला प्रतिसाद माझा असेल, बाकावरचांच्या आधी.

तिरकस_पास
जुलैतली खबर : डोनोवनचा करार वाढवला.

बाकावरचा
...

शिट्टी
धागाकर्ते बोलेनासे झाले. संपादकांना विनंती, धागा बंद करू नका. पुढच्या एप्रिलला शीर्षकात 'तिसऱ्यांदा'चं 'चौथ्यांदा' करून घेऊ, तेवढंच टंकनाचं काम वाचेल.

मॅडिसन_मामा
ऑक्टोबरचं पहिल्या घरच्या सामन्याचं एक जादा तिकीट आहे माझ्याकडे, २००च्या रांगेतलं. बाकावरचा, येणार असशील तर सांग. मध्यंतरात निघायचं नाही मात्र, ही अट.